गुरुजींपुढचा खड्यांचा ढीग

एका जंगलातून एक नदी वाहत असे आणि त्या नदीच्या वाळूत एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, कारण तिच्या पायांना फांदी धरता येत नाही. ती वाळूतच उथळ खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि तिथेच अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांसारखा असल्यामुळे ती कोल्ह्याला दिसत नाहीत. पण पाण्याला काय दिसायचे आहे? चैत्र-वैशाखात या वाळूवर रणरणते ऊन असायचे, आभाळात ढगाचा ठिपकाही नसायचा आणि दूर वरच्या डोंगरात कुठेतरी वळीव कोसळायचा. मग भर दुपारी नदीला एकाएकी लोंढा यायचा आणि वाळूतली सगळी अंडी घेऊन जायचा. टिटवीच्या पाठची आठ भावंडे अशीच गेली. दर वर्षी तिची आई गढूळ पाण्यावर घिरट्या घालत ओरडायची आणि पाणी ओसरले की पुन्हा त्याच वाळूत खळगा करायला बसायची.

ही टिटवी तशी लाजाळू. चारचौघांत बोलायची वेळ आली की तिची चोच मिटायची. पण डोळे मात्र उघडे असायचे. काठाच्या चिखलात खेकड्यांची बिळे होती. एका वर्षी लोंढ्याच्या चार-पाच दिवस आधी खेकड्यांनी बिळांची तोंडे चिखलाने लिंपून घेतलेली तिने पाहिली. पुढच्या वर्षीही तसेच झाले. तिसऱ्या वर्षी बिळे बंद झालेली दिसताच टिटवीने धीर करून आरडाओरडा केला आणि वाळूवरच्या सगळ्या पाखरांना वर पळवले. पाणी आलेच नाही. खेकड्यांनी नुसती उन्हासाठी दारे लावली होती. मागे राहिलेली अंडी कावळ्यांनी फोडून खाल्ली.

त्यानंतर तिचे कुणी ऐकेना. शेजारचा चिखल्या पक्षी तर रोज सकाळी विचारायचा, "काय ग टिटवे, आज खेकडे काय म्हणतात? जेवले का?"

एकट्या म्हाताऱ्या घोरपडीने तिची चेष्टा केली नाही. ती म्हणाली, "पोरी, तुझा प्रश्न खरा आहे, उत्तर अर्धं आहे. डोंगराखालच्या तळ्यावर पाण्याची विद्या शिकवतात. तिथं जा. आणि जाताना माझी कात घेऊन जा, शिफारस म्हणून."

तळ्यावरच्या त्या गुरुकुलात वर्षातून एकच दिवस नवे विद्यार्थी घेत असत. दाराशी पाणकोंबडी बसलेली होती. तिने कातेचा तुकडा उलटापालटा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"शिफारस. आमच्याकडच्या घोरपड आजीची."

"शिफारशीला पीस लागतं. वडीलधाऱ्याचं पीस. नियमात तसं आहे."

"घोरपडीला पिसं नसतात हो," टिटवी खालमानेने म्हणाली.

मागे रांगेत उभ्या असलेल्या साळुंक्या फिस्सकन हसल्या. एक म्हणाली, "मग पिसं असलेली ओळख काढायची होतीस बाई! माझ्याकडे तीन आहेत, त्यांतलं एक गरुडाचं." पाणकोंबडीने तोंड वाकडे केले, पण कात ठेवून घेतली आणि टिटवीला आत सोडले.

त्या वर्षी दोनच गुरूंकडे जागा होती. एक बगळा आणि दुसरे कासव. दोघांसमोर प्रत्येकाने आपला प्रश्न सांगायचा, म्हणजे काय शिकायचे आहे ते. तीन पिसांची साळुंकी म्हणाली, "मला सगळंच शिकायचंय!" तिला पिसांसकट परत पाठवण्यात आले. मग टिटवीची पाळी आली.

"खेकडे बिळाला दार लावतात," ती कशीबशी म्हणाली. "कधी उन्हासाठी, कधी पाण्यासाठी. दोन्ही दारं सारखीच दिसतात. त्यांतला फरक कसा ओळखायचा, एवढंच मला हवंय."

कासवाने मान बाहेर काढली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दिसलं."

"कधी चुकलीस का?"

"एकदा. सगळ्यांची अंडी गेली."

"चूक लपवली नाहीस. शिकशील," कासव म्हणाले आणि मान आत घेतली.

बगळा एका पायावर डोळे मिटून उभा होता. त्याने एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाला, "प्रश्न आमच्या कामाचा आहे."

टिटवीला प्रवेश मिळाला. ती आनंदाने एवढी ओरडली की पाणकोंबडीने तिला गप्प केले.

आता त्या गुरुकुलाची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. प्रवेश मिळाल्यावर नव्या विद्यार्थ्याला तीन दिवसांची मुभा असे. या तीन दिवसांत त्याने कुठल्याही गुरूकडे बसावे, जुन्या शिष्यांबरोबर चरावे, हवे ते विचारावे. चौथ्या दिवशी आपण आणलेला एक खडा एका गुरूपुढे ठेवावा. एकदा ठेवलेला खडा उचलता येत नसे. विद्या पुरी झाली असे गुरूला वाटले की तो स्वतः खडा उचलून परत देई आणि मग शिष्य मोकळा होई. तोवर शिष्याला जे काही सापडेल ते आधी गुरूने सभेत मांडायचे. शिष्य त्यापूर्वी बाहेर बोलला, तर त्याचा खडा तळ्यात फेकला जाई आणि शिकलेले सगळे फुकट जाई.

टिटवीने पहिल्या दिवशी दोन्ही ठिकाणचे खडे पाहिले. बगळ्यापुढे खड्यांचा मोठा ढीग होता, गुडघ्याएवढा. कासवापुढे दोनच खडे होते, तेही चिखलात अर्धे बुडालेले. टिटवीने मनाशी हिशेब केला. एवढे शिष्य ज्याच्याकडे येतात तो केवढा गुरू असेल! आणि ज्याच्याकडे दोघेच येतात, त्याच्यात काहीतरी उणे असणारच.

तीनही दिवस ती बगळ्याच्या झाडाखाली बसून राहिली. सात जंगलांतले पाहुणे त्याला भेटायला येत. तो लाटांबद्दल बोलू लागला की पाण्यातले बेडूकही डराव डराव थांबवत. दुसऱ्या दिवशी कासवाने निरोप धाडला, "उद्या सकाळी ये. एक बीळ उकरून पाहू." टिटवीला वाटले, चिखल उकरायला एवढ्या दूर कशाला यायचे? तो तर घरीही आहे. ती गेली नाही.

जुन्या शिष्यांपैकी एक खंड्या तिच्या शेजारी बसायचा. निळ्या पंखांचा, पण पिसे विस्कटलेली. टिटवीने त्याला विचारले, "खंड्यादादा, गुरुजींना किती येतं हो?"

खंड्याने बगळ्याकडे पाहिले. बगळ्याचे डोळे मिटलेले होते. "फार येतं," खंड्या म्हणाला. "त्यांना माहीत नाही असं पाण्यात काही नाही."

"रागावतात का?"

"छे! आवाजसुद्धा चढवत नाहीत."

"तुम्हाला किती वर्षं झाली इथं?"

"नववं चाललंय."

नऊ वर्षे! टिटवीचा ऊर भरून आला. ज्यांना सोडून जावेसेच वाटत नाही असे हे गुरुजी! खंड्याने पुढे काहीतरी बोलायला चोच उघडली होती, पण तेवढ्यात बगळ्याने पाय बदलला आणि खंड्याने मासा दिसल्यासारखे करून पाण्यात सूर मारला. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत काही नव्हते.

चौथ्या दिवशी टिटवीने आपला खडा बगळ्यापुढच्या ढिगावर ठेवला. ढिगात तो लगेच दिसेनासा झाला.

बगळा खरोखरच कधी रागावला नाही. तो फक्त म्हणायचा, "बघू." पाहुणे आले की टिटवीने त्यांच्यासाठी कोवळे किडे शोधून आणावेत. पाहुणे गेले की तळ्याच्या लाटा मोजाव्यात, कारण गुरुजींना त्या सभेत लागत. स्वतःच्या प्रश्नासाठी तिला दुपारचा तेवढा वेळ मिळे. तेव्हा ती उन्हातान्हात नदीकाठ पालथा घालत असे. आईला भेटायला खाली वाळूवर उतरावे असे तिला दर वेळी वाटे, पण संध्याकाळी लाटा मोजायच्या असत. ती वरूनच एक हाक घालून परत फिरे.

तिसऱ्या वर्षी तिला उत्तर सापडले. उन्हासाठी दार लावणारा खेकडा जुन्याच बिळात खोल, ओलाव्याकडे जातो. पाण्याची चाहूल लागलेला खेकडा मात्र आधी वर चढतो, उंच काठावर नवे बीळ करतो आणि मगच दार लावतो. म्हणजे दार पाहायचेच नाही. वरच्या काठावर ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या आहेत का ते पाहायचे. इतके सोपे होते ते! टिटवी धापा टाकत बगळ्याकडे आली आणि तिने एका दमात सगळे सांगितले.

बगळ्याने दोन्ही डोळे उघडले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"बरं आहे," तो म्हणाला. "अजून कच्चं आहे. कार्तिकातल्या सभेत आम्ही मांडू. तोवर कुणाजवळ बोलायचं नाही. रीत ठाऊक आहे ना?"

"हो गुरुजी."

कार्तिक लांब होता. वैशाख सुरू होता. पंधरा दिवसही गेले नसतील, टिटवी नदीवरून उडत होती आणि तिची नजर खाली गेली. वरचा काठ मातीच्या ताज्या, ओल्या गोळ्यांनी भरून गेला होता. आणि खाली वाळूत तिची आई अंड्यांवर बसलेली होती. तिच्या आजूबाजूला सगळी वाळू खळग्यांनी भरलेली होती.

ती तशीच माघारी फिरली. "गुरुजी, पाचेक दिवसांत लोंढा येणार. मला वाळूवर जाऊन सांगू द्या."

"आणि नाही आला तर?"

"येणार, गुरुजी."

"मागं एकदा असंच सांगितलं होतंस म्हणे. काय झालं होतं?"

टिटवीची मान खाली गेली.

"या वेळी चुकलं तर तुझं नाव जाणार नाही," बगळा मऊ आवाजात म्हणाला. "तुला अजून नावच नाही. जाईल ते आमचं."

"आई आहे तिथं, गुरुजी."

"सगळ्यांचीच आई कुठंतरी असते," बगळा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. "बघू."

टिटवी खंड्याकडे गेली आणि रडायला लागली. खंड्या म्हणाला, "बारा शोध दिलेत मी त्यांना. खडा अजून तिथंच आहे, तळाशी कुठंतरी."

"पण एवढे शिष्य! केवढा तो ढीग!"

"वेडे, ढीग कशाचा असतो? जो मोकळा झाला त्याचा खडा परत जातो, तो ढिगात दिसत नाही. ढिगात दिसतात ते अडकलेले. कासवाकडून आजवर चाळीस जण शिकून गेले, म्हणून त्यांच्यापुढं दोनच खडे."

टिटवीने विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत, दादा?"

"तू विचारलंस, गुरुजींना किती येतं. ते मी खरं सांगितलं. त्यांच्याकडून कोण शिकून गेलं, हे तू विचारलंच नाहीस." खंड्याचा आवाज खाली आला. "आणि विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं का, देव जाणे. ते ऐकत होते."

टिटवी कासवाकडे गेली. चिखलाच्या काठाशी उभी राहून तिने सगळे सांगितले. कासव म्हणाले, "तुझा खडा माझ्यापुढं नाही, मुली. परवानगी मी देऊ शकत नाही. पण पंख तुझेच आहेत."

मुलांनो, त्याच क्षणी ती उडाली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण टिटवीला तीन वर्षे आठवली. उन्हात पाहिलेली ती हजारो बिळे आठवली. आपण बोललो तर सगळे तळ्यात जाणार. तिला वाळूवरचे हसूही आठवले आणि वाटले, आपले नुसते बोलणे तिथे कोण ऐकणार? गुरुजींनी हो म्हटले तर सगळे ऐकतील. उद्या पुन्हा विचारू. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, बगळा "बघू" म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. चौथ्या दिवशी बगळा दुसऱ्या तळ्यावर व्याख्यानाला गेला.

पाचव्या दिवशी भर दुपारी लोंढा आला.

टिटवी पोचली तेव्हा वाळू कुठेच दिसत नव्हती. गढूळ पाण्यावर तिची आई ओरडत घिरट्या घालत होती आणि तिच्या मागे सगळी पाखरे. टिटवी उंच आभाळात थांबली. खाली जायची तिची छाती झाली नाही.

लोंढ्यानंतर तिसऱ्या दिवशी बगळ्याने तातडीची सभा भरवली. "वरच्या काठावरील बिळांवरून हा लोंढा आम्ही आधीच ताडला होता," तो म्हणाला. सभेत "वा! वा!" झाले. सात जंगलांतले पाहुणे माना डोलावत होते. शेवटी बगळ्याने सांगितले, "आमच्या एका शिष्येने बिळे मोजण्यास मदत केली." सभा संपल्यावर त्याने टिटवीला जवळ बोलावले. "आता आणखी दोन वर्षं मोज. मग बघू."

टिटवीने खडा मागितला नाही, ढिगाकडे वळूनही पाहिले नाही. ती उडाली ती थेट वाळूवर येऊन उतरली.

पाणी ओसरले होते. तिची आई ओल्या वाळूत नवा खळगा करत होती. तिने मान वर केली. "आलीस?"

"आले."

"तळ्यावरून बातमी आली. तुझ्या गुरुजींना आधीच कळलं होतं म्हणे." आईने एक खडा बाजूला सारला. "तुला कळलं होतं का ग?"

टिटवीला खोटे बोलता आले असते. "कळलं होतं," ती म्हणाली. "पाच दिवस आधी."

"मग?"

"परवानगी नव्हती."

आईने पुढे काही विचारले नाही. ती पायांनी वाळू मागे सारत राहिली. ते तिचे न बोलणे टिटवीला लोंढ्यापेक्षा जड झाले. तिने नजर वळवली ती वरच्या काठाकडे. तिथे मातीच्या गोळ्या होत्या. जुन्या वाळल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, आणखी वर, नव्या ओल्या गोळ्या पडल्या होत्या.

"आई, इथं नको. वर, खडकावर चल. पुन्हा पाणी येणार आहे." मग ती वळली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा वाळूवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "वर चला! पुन्हा पाणी येणार आहे!"

वाळूवरची पाखरे थबकली. चिखल्याने विचारले, "हे बगळे गुरुजींनी सांगितलंय का?" या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"नाही. मी सांगतेय. शोध माझाच आहे."

"मग राहू दे बाई. तुझं ऐकून एकदा कावळ्यांना जेवण घातलंय. गुरुजींचा निरोप आला की आम्ही एका पायावर उठू. एवढे थोर आहेत ते, आम्हाला कळवल्याशिवाय राहायचे नाहीत."

इतरांनी माना हलवल्या आणि जो तो आपापल्या खळग्यात बसला. टिटवीने प्रत्येकापाशी जाऊन विनवले. कुणी रागावले नाही. कुणी उठलेही नाही.

आई मात्र उठली. तिने टिटवीकडे पाहिले नाही. अर्धा खळगा तसाच टाकून ती मुकाट्याने खडकाच्या दिशेने चालू लागली.

त्यानंतर चौथ्या दिवशी, कडक उन्हात, वरच्या वळणावर नदी गढूळ झाली. खडकावरून ते आधी टिटवीला दिसले. खाली वाळूत सगळी पाखरे अंड्यांवर बसली होती आणि तळ्याच्या दिशेने माना करून गुरुजींच्या निरोपाची वाट पाहत होती. टिटवी खडकावरून झेपावली आणि जिवाच्या आकांताने ओरडत सुटली.

तात्पर्य : गुरूपुढे किती जण बसले आहेत हे पाहून गुरू करू नये, त्याच्याकडे शिकून किती जण आपल्या पंखांनी उडून गेले, ते आधी विचारावे. आणि ज्या ज्ञानाने कुणाचा जीव वाचणार असेल, ते परवानगीसाठी अडवून ठेवू नये. वेळ टळल्यावर खरे बोलणाऱ्याचेही कुणी ऐकत नाही.